चाळिसाव्या कुंडीचं पाणी

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आपल्या सिंधीपुऱ्यात मानत नाहीत, आणि धूलकोटच्या बाजारात तर सांगायला सुरुवात केली की लोक पिशव्या उचलून चालू लागतात. पण बुऱ्हानपूरच्या एका कुंडीचं, म्हणजे जमिनीतल्या विहिरीचं, पाणी मागवायला भोपाळहून सरकारी कागद आला होता, आणि तो एका नवऱ्याला निबंध लिहिता येत नव्हता म्हणून आला होता, यात तिळाएवढीही भर नाही. ज्याला शंका असेल त्याने शेवटपर्यंत बसावं आणि मग तोंड उघडावं.

तर निर्मला चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तिचा नवरा लीलाधर उंबऱ्याशी वही घेऊन बसला होता.

"विषय, 'मी राजा झालो तर'," त्याने वाचलं. "उत्तर. राजेपद रद्द झाले आहे. सबब लागू नाही."

निर्मलेची भाकरी तव्यावर पडायची ती परातीतच राहिली. "पुढे?"

"पुढे सही."

"अहो, तीन पानं लिहायची आहेत!"

"संस्थानं विलीन झाली. राजांना तनखा मिळतो. तीन पानं लिहिली तरी खरं तेवढंच राहणार."

वहीत मागेही असेच निबंध होते. 'माझा आवडता सण : पोळा. कारण बैल बोलत नाहीत.' 'माझे गाव : बुऱ्हानपूर. तापीच्या उत्तर काठी. अधिक माहितीसाठी नकाशा पाहावा.' आणि 'कुंडीचे मनोगत' या विषयाखाली एकच ओळ होती : 'कुंडी बोलत नाही. सबब निरंक.' प्रत्येकाखाली कॉलेजच्या शालिग्राम सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'फुलवून लिहा.' तिसऱ्याच्या खाली त्यांनी इतकं दाबून लिहिलं होतं की कागद फाटला होता.

लीलाधर मंद होता असं कोणी समजू नये. पाणीखात्यात तो कुंड्यांची देखरेख करायचा. आपल्या बुऱ्हानपुराबाहेर जमिनीत शंभरावर कुंड्या आहेत. वरून बघाल तर विहिरी, पण खालून सगळ्या एका भुयाराने जोडलेल्या. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी त्या भुयारातून बादशहाच्या काळापासून वाहतंय. लीलाधर रोज सकाळी आठ वाजता गाठी मारलेला दोर सोडून पाणी मोजायचा. कोणत्या कुंडीत कोणत्या महिन्यात पाणी किती, हे त्याला तोंडपाठ होतं. गणितात तर कॉलेजात त्याच्या पुढे कोणी नव्हतं.

फक्त त्याला थट्टा कळायची नाही. कोणी 'मेलो बुवा उन्हाने' म्हटलं की हा त्याची नाडी बघायचा. वरण भाताला लागलेलं चालायचं नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही, आणि खोटं तर त्याला बोलताच यायचं नाही. त्या काळी अशा माणसाला काही नाव नव्हतं. शेजारी 'येडा इंजिनेर' म्हणायचे. निर्मला 'आमचे हे' म्हणायची, आणि तेवढं नाव तिला पुरायचं. वडिलांच्या घरी जन्मभर थापा ऐकून तिचे कान किटले होते. खरं बोलणारा नवरा तिला पुरणपोळीसारखा वाटला होता.

आता पेच असा पडला होता. नुकताच नवा मध्यप्रदेश झाला होता. नागपूरच्या हाताखालचं बुऱ्हानपूर भोपाळच्या हाताखाली गेलं होतं. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, रेव्याचे, भोपाळचे आणि आपले, अशा सगळ्या कारकुनांची मिळून एकच यादी व्हायची होती. त्याला एकत्रीकरण म्हणायचे. लीलाधर हंगामी होता. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "इंटर पास झालात तर इथेच कायम. नाहीतर बदली, थेट सरगुजा." म्हणून तो आठाच्या आत सुटणाऱ्या सकाळच्या कॉलेजात जायचा. आणि कॉलेजचा नियम होता, की दहा निबंधांवर सरांची सही असल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जायचा नाही. माघ लागला तरी सह्या शून्य.

"सरगुज्याला कुंड्या आहेत का?" लीलाधरने विचारलं.

"नसतील."

"मग मी आठ वाजता काय करायचं?"

त्याने हे अगदी शांतपणे विचारलं. तिने हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "ती वही इकडे आणा. तुम्ही कुंडी आहात असं समजा."

"मी पाच फूट सहा इंच आहे. कुंडी ऐंशी फूट असते."

"समजा हो नुसतं!"

"समजलो. आता काय करू? मी तर जमिनीत आहे."

दोन दिवस निर्मला डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिला सुचलं. या माणसाला 'फुलवून लिहा' कळत नाही, पण रकाने कळतात. तिने कागदावर चार रकाने आखले : पाहिलं, ऐकलं, वास आला, वाटलं. "कुंडीपाशी जा आणि हे भरून आणा. बाकी काही करू नका."

लीलाधर खूश झाला. संध्याकाळी त्याने कागद आणला तर काय! पहिले तीन रकाने गच्च भरलेले. चाळिसाव्या कुंडीत तिसऱ्या प्रहरी ऊन किती हात खाली उतरतं, आत घागर सोडली की पाण्याला लागेपर्यंत किती आकडे मोजून होतात, शेवाळाचा वास कुठपर्यंत येतो, सगळं त्यात होतं. वाचताना निर्मलेला आपण आत वाकून बघतोय असं वाटलं. चौथ्या रकान्यात, 'वाटलं'च्या खाली, 'निरंक'.

"एवढा रकाना तेवढा भरायला हवा," ती म्हणाली.

नेमके त्याच वेळी तिचे वडील दारात उभे राहिले. चुडामणआबा म्हणजे सिंधीपुऱ्याचं भूषण. रंग गोरा, छाती भरदार, आणि मिशा अशा की एकेका टोकावर लिंबू उभं राहावं. असा सत्यवचनी माणूस बुऱ्हानपुरात झाला नाही आणि होणारही नाही. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे, चाळिसावी कुंडी ना? तिचं पाणी नवराबायकोने एका पेल्यातून प्यायलं की जन्मात भांडण होत नाही. आमच्या आजोबांच्या वेळेपासून माहीत आहे!"

"आबा!" निर्मला ओरडली.

पण लीलाधरने ते लिहूनसुद्धा घेतलं होतं. वडीलधारा माणूस सांगतोय, म्हणजे माहितीच असणार.

निर्मलेने कपाळाला हात लावला. मग तिला सरगुजा आठवलं. निबंधच तर आहे, असं म्हणून तिने मन मारलं. रकान्यांचा निबंध झाला, वही कॉलेजात गेली, आणि शालिग्राम सरांनी पहिल्यांदाच लाल शाईत लिहिलं, 'वा!' खाली सही.

इथेच गोष्ट संपली असती. पण पाणीखात्याचा एक नियम होता : 'कुंडीसंबंधी कोणतीही नवी माहिती मिळाल्यास वरिष्ठांस त्वरित कळवावी.' चाळिसाव्या कुंडीबद्दल आपल्याला नवी माहिती मिळाली आहे, हे लीलाधरच्या लक्षात आलं. त्याने निबंधाची सुवाच्य नक्कल काढली, खाली 'माहितीस्तव सविनय सादर' लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून दिली.

साहेबांनी न वाचता 'पुढे पाठवावे' असं लिहिलं. कागद भोपाळच्या वाटेला लागला. पण जाता जाता तो कचेरीतल्या बडे बाबूंनी वाचला, बडे बाबूंनी घरी सांगितला, आणि बडे बाबूंच्या बायकोने नळावर. दुसऱ्या दिवशी लीलाधर दोर घेऊन पोचला, तर चाळिसाव्या कुंडीला जत्रा.

"माय व, लोटू नको ना!" रांगेत पुढे मालूबाई होती. तापीकाठची केळीवाली, आवाज असा की अख्ख्या बागेतले पोपट उडावेत. शेजारी तिचा नवरा निंबा मान खाली घालून. "चार कोस चालत आली मी. माह्या नवऱ्याले दोन लोटे पाजा, साहेब. एकानं काय व्हत नाही त्याले."

"मी कायले भांडतो व?" निंबा पुटपुटला. "तूच तर भांडून राहिली."

"पाहा, पाहा! सुरू झाला!"

धूलकोटहून बैलगाड्या आल्या. असीरगडच्या पायथ्याहून एक अख्खं वऱ्हाड नवरानवरीला घेऊन आलं, म्हणे सुरुवातीलाच पाजलेलं बरं. पोलीस आला, त्याने आधी आपल्या घरासाठी बाटली भरून घेतली आणि मग शिट्टी वाजवली. चेंगराचेंगरी व्हायची ती फक्त चुडामणआबांमुळे टळली. त्यांनी एकदाच मिशीवर हात फिरवला आणि गर्दी आपोआप दुभंगली.

आणि आठव्या दिवशी भोपाळचा कागद आला. तिथे एकाच कचेरीत चार मुलखांचे अधिकारी बसवले होते. ग्वाल्हेरवाला म्हणे मी वरिष्ठ, रेवावाला म्हणे मी, इंदूरवाल्याने आपली खुर्ची घरून आणलेली. सकाळी भांडण सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. अशा वेळी त्यांच्या हाती लीलाधरचा निबंध पडला. कागदात लिहिलं होतं : 'सदर पाणी एकत्रीकरणाच्या कामी अत्यंत उपयुक्त दिसते. दोन पिंपे त्वरित पाठवावीत. तत्पूर्वी संबंधित कर्मचाऱ्याने गुणाची खातरजमा करून अहवाल द्यावा.' शिवाय समासात कोणीतरी चुडामणआबांच्या मिशांची चौकशी केली होती, ती वेगळीच.

संबंधित कर्मचारी आनंदाने घरी आला. "निर्मला, प्रयोग करायचा आहे. दहा जोडपी. प्रत्येकी एक पेला. भांडण कधी सुरू झालं असं धरायचं?"

निर्मलेच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी तिने खरं तेच सांगितलं. "बाईने माहेरचं नाव काढलं की."

"बरं," म्हणून त्याने ते लिहून घेतलं.

चाळिसाव्या कुंडीपाशी टेबल मांडलं. एकेक जोडपं येऊन पाणी पिऊन बसू लागलं, आणि लीलाधर मान खाली घालून त्यांचा शब्दन् शब्द उतरवू लागला. नवव्या नंबरला कोण, तर खुद्द शालिग्राम सर सपत्नीक! आपल्या विद्यार्थ्याच्या निबंधाने गाव हलवलं म्हणून ते फुशारकीने आले होते. बोलणं लिहून घेतात हे कळल्यावर दहावं जोडपं मिळेना, तेव्हा लीलाधरने निर्मलेला बोलावलं.

तीन दिवसांनी अहवाल तयार झाला. शेवटची ओळ होती : 'पाण्याच्या अंगी सदर गुण नाही. ही माहिती सासऱ्यांनी दिली होती. ती खोटी आहे.'

"पाठवा आणि विसरून जा," निर्मला म्हणाली.

"पाठवला. आता सरांकडे जातो."

"सरांकडे कशाला?"

"निबंधात खोटं वाक्य आहे. त्यावर सही आहे. ती सही परत करायला हवी."

"अहो!" निर्मला त्याच्या वाटेत उभी राहिली. "एकच तर सही मिळालीय! तीही गेली तर दहा कधी व्हायच्या आणि फॉर्म कधी जायचा? फॉर्म नाही गेला तर सरगुजा. एवढं एक वाक्य पोटात ठेवा ना, माझ्यासाठी!"

लीलाधर तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "तू सांगितलं होतंस, खरं बोलणारा आहे म्हणून मला पसंत केलं. मी बदललो तर ते चालणार आहे का?"

निर्मला वाटेतून बाजूला झाली, पायांत चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाली. जायचंच तर दोघांनी जायचं, सरांकडेही आणि सरगुज्यालाही.

शालिग्राम सरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे, भांडण न होण्याची ती कल्पना तुझी नव्हे?"

"कल्पना नव्हती, सर. थाप होती."

सरांनी जड हाताने लाल पेन उचललं आणि सही खोडली. निर्मलेने डोळे मिटून घेतले. लीलाधरने मात्र पिशवीतून अहवाल काढून पुढे केला. "तुम्ही जोडपे क्रमांक नऊ आहात. संबंधितांना नक्कल द्यायचा नियम आहे."

सर नाराजीनेच वाचू लागले.

'जोडपे क्र. ३. निंबा व मालूबाई. पाणी प्यायले दहा वाजून पाच मिनिटांनी. मालूबाई म्हणाली, "कसं लागते?" निंबा म्हणाला, "पान्यासारखं." मालूबाई म्हणाली, "मी केलेल्या वरनालेबी तू पान्यासारखंच म्हनतो. माह्या मायच्या घरी वाटी चाटे हा!" भांडण सुरू, दहा वाजून सहा मिनिटे.'

सरांची मिशी हलली. दुसरं पान, तिसरं पान. पाचव्या जोडप्याला ते गदगदा हसत होते, सातव्याला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग नववं आलं आणि त्यांचं हसू एकदम थांबलं.

"वाचा की मोठ्याने," आतून त्यांच्या बाईंचा आवाज आला.

"काही विशेष नाही."

"तर मी वाचते," म्हणत बाई बाहेर आल्या आणि त्यांनी कागद ओढून घेतला. "'पत्नी म्हणाली, "थंड आहे." प्राध्यापक म्हणाले, "नुसतं थंड काय म्हणतेस? शरदाच्या चांदण्यासारखं शीतल म्हण." पत्नी म्हणाली, "सकाळी दूध नासलं तेव्हाही असंच काहीतरी म्हणालात. माझ्या वडिलांकडे नासलेल्या दुधाला नासलेलं म्हणायचे."'" बाई खुर्चीत बसल्या. हसून हसून त्यांना ठसका लागला. "वीस वर्षं संसार केला. माझं बोलणं जसंच्या तसं पहिल्यांदा कोणी लिहून घेतलंय. ह्यावर सही करा!"

"पण हा निबंध नाही. अहवाल आहे."

"तुमच्या निबंधात असतं काय एवढं? दहा जोडपी आहेत. दहा निबंध झाले. करा सही!"

सरांनी दहावं पान उघडलं. 'जोडपे क्र. १०. लीलाधर व निर्मला. निर्मलेने माहेरचे नाव काढले, परंतु ते स्वतःच्या वडिलांना बोल लावण्यासाठी. सबब भांडण धरले नाही.' खाली तेच चार रकाने होते. पहिले तीन भरलेले. चौथ्यात, 'वाटलं'च्या खाली, बारीक अक्षरांत : 'ती दोन तास उन्हात उभी होती. तिला ऊन लागत असेल असे वाटले. माझी जागा तिला दिली.'

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी एकामागून एक दहा सह्या केल्या. कुठेही 'फुलवून लिहा' लिहिलं नाही.

साहेबांनी परस्पर पाठवलेली पिंपं भोपाळला अहवालाच्या आधी पोचली. आधी कोणी प्यायचं यावरून चारही अधिकाऱ्यांची अशी जुंपली की शेवटी ते पाणी बागेतल्या गुलाबांना घातलं. फॉर्म गेला, परीक्षा झाली, लीलाधर पास झाला, आणि यादीत त्याच्या नावापुढे आलं : बुऱ्हानपूर, कायम.

आणि निकालाच्या दिवशी या दगडाच्या माणसाने काय केलं? बायको दारात पेढे घेऊन उभी. गल्ली गोळा झालेली. याने निकाल वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आठाचा ठोका पडताच दोर खांद्यावर टाकला आणि बायकोकडे न बघता पाणी मोजायला निघून गेला! वीस वर्षं झाली, त्याच्या वहीत एक दिवस म्हणून कोरा नाही...

"खोटं आहे."

ओट्यावरची सगळी डोकी मागे वळली. खांबाशी, आपल्या नेहमीच्या जागी लीलाधर बसला होता. त्याची नजर कोणाकडेच नव्हती, समोरच्या कडुनिंबाकडे होती.

गोष्ट सांगता सांगता चुडामणआबांच्या हातातला चहा तसाच राहिला. "काय जावईबापू? एवढ्या गोष्टीत एवढंच एक खोटं सापडलं?"

"नाही. एकवीस सापडली. त्यांत तीन मिशांची आहेत. ती तुमच्याबद्दल आहेत, म्हणून मी रोज सोडून देतो. हे निर्मलेबद्दल आहे."

"मग काय झालं होतं त्या दिवशी? सांगा ना सगळ्यांना!"

"निकाल ऐकून ती आधी हसली, मग रडली. दोन्ही का, ते मला कळलं नाही. म्हणून मी घरी थांबलो. दिवसभर." लीलाधरने थोडा विचार केला. "पाणी मोजलं नाही. त्या तारखेच्या रकान्यात 'निरंक' आहे. वही आणू?"